ग्वानाह्वातोच्या प्रेमात पडलेल्या बाईला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो टाकले की तेच तेच प्रश्न येतात, कुणी इनबॉक्समध्ये विचारतं, कुणी लग्नात जेवता जेवता, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकते. क्रम वगैरे काही लावलेला नाही, ज्यांना फक्त व्हिसाचं बघायचंय त्यांनी सरळ खाली जा.

हे आहे कुठे आणि म्हणायचं कसं?

मेक्सिकोत. मेक्सिको सिटीहून वायव्येला, बसने साधारण पाच तास. ग्वानाह्वातो हे राज्याचंही नाव आणि त्याच्या राजधानीचंही, मी जे कौतुक करत असते ते राजधानीचं. स्पेलिंग बघून बरेच जण ग्वानाजुआटो म्हणतात, काही बिघडत नाही, फक्त बस स्टँडवर तसं म्हणालात तर समोरच्याला दोन सेकंद लागतील.

एवढं प्रेमात पडण्यासारखं काय आहे पण तिथे?

हा प्रश्न माझ्या आत्याने सगळ्यात जास्त वेळा विचारलाय आणि दरवेळी मी वेगळं उत्तर दिलंय, तर आता नीट देते.

स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात जी शहरं वसवली ती बहुतेक आखीव आहेत, मधे चौक, चर्च, आणि मग काटकोनात रस्ते. ग्वानाह्वातोत ते जमलंच नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथे चांदी सापडली आणि माणसं अरुंद घळीत जिथे जागा मिळेल तिथे घरं बांधत सुटली, नदीच्या काठाने, खाणीच्या तोंडाशी, नंतर चढावर, मग त्याच्यावरच्या चढावर. त्यामुळे या शहरात सरळ रस्ता असा जवळजवळ नाहीच. गल्ली सुरू होते, वळते, तिच्या पायऱ्या होतात, एका घराच्या दारापाशी संपल्यासारखी वाटते आणि डावीकडे वळून पुन्हा चालू होते, आणि अचानक तुम्ही एका छोट्याशा चौकात येता जिथे एक कारंजं, चार बाकं, दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा असं सगळं आधीपासून तुमची वाट बघत असल्यासारखं बसलेलं असतं. बारातियो, सान फेर्नांदो, सान रोके, मेक्सियामोरा, किती चौक सांगू. गूगल मॅप्स तिथे हात टेकतं, कारण नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गल्ल्यांमधे प्रत्यक्षात चार मजल्यांचा फरक असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे शहर कुणी आखलेलं नाही ते आखून बघता येत नाही. दहा ठिकाणांची लिस्ट घेऊन गेलात तर दीड दिवसात उरकेल आणि तुम्ही म्हणाल छान होतं, रंगीत होतं. लिस्ट रूमवर ठेवून भटकलात तर मग मात्र अवघड आहे तुमचं.

घरं एवढी रंगीबेरंगी का आहेत? सरकारने रंगवलीत का टुरिस्टांसाठी?

मेक्सिकोत भिंत रंगवणं ही काही टुरिस्टांसाठीची गोष्ट नाही हो, साध्या खेड्यातही गुलाबी भिंत आणि निळं दार दिसतं. इथे फरक पडतो तो उतारामुळे. सपाट गावात तुम्हाला समोरच्या दोन घरांचे रंग दिसतात, इथे घरं एकाच्या डोक्यावर एक चढलेली असल्यामुळे अख्खा डोंगर एकदम दिसतो, हळदी पिवळा, विटकरी, जांभळा, पोपटी, तो भडक मेक्सिकन गुलाबी, आणि मधेच एखादं बिनगिलाव्याचं, वरच्या मजल्याच्या सळया बाहेर काढून ठेवलेलं घर, जे फोटोत लोक क्रॉप करतात पण मला ते असलेलं आवडतं.

आणि एक रंग लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे दगडाचा. इथला स्थानिक दगड हिरवट असतो, शिवाय गुलाबीसरही मिळतो. तेआत्रो ह्वारेस या थिएटरला, युनिव्हर्सिटीच्या त्या प्रचंड जिन्याला हा हिरवट दगड आहे. पाऊस पडून गेल्यावर तो जरा गडद होतो तेव्हा बघा. थिएटरचं उद्घाटन 1903 मध्ये पोर्फिरिओ दियास या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या हस्ते झालं, छपरावर ग्रीक कलादेवतांचे पुतळे आहेत, देवता नऊ पण पुतळे आठच, आणि नववी कुठे गेली यावर गाइड लोक प्रत्येकी वेगळी गोष्ट सांगतात.

उंचीचा त्रास होतो का?

शहर साधारण 2000 मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेतीनशे मीटर वर लोक भाजी आणायला जातायत असं समजा. लेह-लडाखसारखं काही होत नाही, पण पहिले एक-दोन दिवस जिने चढताना धाप लागते आणि आपल्याला वाटतं आपला स्टॅमिना गेला. पाणी भरपूर प्या, पहिल्या संध्याकाळी बिअर जरा बेताने. ऊन अंगाला लागत नाही पण चेहरा भाजतो, टोपी न्या.

गाड्या खरंच जमिनीखालून जातात?

हो, आणि हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

त्या घळीतून पूर्वी नदी वाहायची, शहराच्या मधोमध. चांदीचं शहर असल्यामुळे खाणींपायी झाडं तुटून डोंगर उघडे पडले होते आणि पाऊस जोराचा झाला की नदी थेट घरात. लोकांनी काय केलं, नदीवर कमानी बांधल्या, कमानींवर घरं बांधली, पूर येऊन गाळ साचला की तळमजला बुजवून वर नवा मजला काढला, असं शेकडो वर्षं चाललं. म्हणजे आज तुम्ही ज्या रस्त्यावर चालता त्याच्या खाली जुनं शहर आहे. तेआत्रो ह्वारेसच्या शेजारी सान दिएगो चर्च आहे, तिथे जुन्या मठाचे अवशेष रस्त्याच्या पातळीखाली आजही उतरून बघता येतात, गर्दी नसते, जरूर बघा.

मग 1905 च्या जुलैत फार मोठा पूर आला आणि शहराची दैना झाली. त्यानंतर पाणी बाहेर काढायला डोंगरातून मोठा बोगदा खणला. पुढे नदी वळवून झाल्यावर जे रिकामं पात्र उरलं त्याचा 1960 च्या दशकात रस्ता केला, तोच काये मिगेल इदाल्गो, वर दगडी कमानी, त्यावर लोकांच्या बाल्कन्या, खालून बस चाललीये. त्याला जोडून आणखी बोगदे आले आणि आता तर खाली फाटे फुटतात, चौक आहेत, पार्किंग आहे, बस स्टॉपही आहेत. तुम्ही अंधाऱ्या बोगद्यात बसमधून उतरता, बाजूचा दगडी जिना चढता, आणि वर येता तर समोर कारंजं, आणि मारिआचीवाले ट्रम्पेट पुसत बसलेत.

वरती बराचसा भाग त्यामुळे पायी चालणाऱ्यांचा झालाय. पुण्यात राहून आल्यावर रस्त्याच्या मधोमध, मागे न बघता चालण्याचं सुख काय असतं ते मी सांगायला नको.

बोगद्यातून पायीही जाता येतं, फुटपाथ आहे. गाड्यांचा धूर मात्र असतो, दम्याचा त्रास असेल तर टाळा.

चांदीचं काय झालं पुढे? आहे का अजून?

खाणी आहेत, पण ते दिवस गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ला वालेन्सियाना ही इथली खाण जगातल्या सगळ्यात मोठ्या चांदीच्या खाणींपैकी होती. मालकाने शेजारी सान कायेतानो चर्च बांधलं, 1788 मध्ये पुरं झालं, आतल्या वेद्या सोन्याने अशा मढवलेल्या आहेत की डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. 1803 मध्ये आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ इथे येऊन खाणी बघून गेला आणि त्याने लिहून ठेवलंय की मजूर पाठीवर धातूची ओझी घेऊन पायऱ्या चढून वर आणायचे. चर्चमध्ये मान वर करून बघताना हे डोक्यात ठेवा. खाणीच्या शाफ्टची खोली पाचशे मीटरच्या वर आहे, बाजूच्या एका जुन्या तोंडातून टुरिस्टांना थोडं आत उतरवतात, तेवढं उतरून परत चढताना माझ्या पायांचे तुकडे पडले, तेही पाठीवर फक्त पर्स असताना.

यात आपला संबंध असा की त्या काळात मेक्सिकोची चांदी युरोपातून आणि मनिलामार्गे आशियात यायची, भारतातल्या कापडाच्या आणि मसाल्याच्या बदल्यात व्यापारी चांदीच मोजायचे, आणि ती सुरतेसारख्या ठिकाणी टाकसाळीत वितळून तिचे रुपये पडायचे.

तो डोंगरावरचा भलामोठा पुतळा कुणाचा?

एल पिपिला. खाणकामगार होता. 1810 च्या सप्टेंबरमध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने शेजारच्या दोलोरेस गावात बंड पुकारलं आणि जमाव घेऊन 28 सप्टेंबरला तो ग्वानाह्वातोत आला. इथले श्रीमंत स्पॅनिश आपल्या संपत्तीसकट आलोंदिगा नावाच्या धान्याच्या कोठारात जाऊन बसले, नुकतंच बांधून झालेलं, जाड भिंतींचं, किल्लाच म्हणा. तर गोष्ट अशी की या पिपिलाने पाठीवर दगडाची फरशी बांधली, वरून गोळ्या पडत असताना रांगत दारापाशी गेला आणि दार पेटवलं. मग आत कत्तल झाली, तीही भयंकर होती, शाळेच्या सहलीला तेवढा भाग जरा पटकन सांगतात.

पुढच्या वर्षी बंड मोडलं. इदाल्गो आणि त्याचे साथीदार आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस या चौघांची मुंडकी कापून कोठाराच्या चार कोपऱ्यांना पिंजऱ्यात टांगली आणि 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे तब्बल 10 वर्षं, ती तिथेच होती. आता तिथे म्युझियम आहे. आत जिन्यावर चावेस मोरादोची भित्तिचित्रं आहेत ती अजिबात चुकवू नका.

पुतळा 1939 चा आहे, दिसायला म्हणाल तर मला फारसा आवडत नाही, बोजड आहे. पण त्याच्या पायाशी कोरलेलं वाक्य आवडतं, त्याचा अर्थ साधारण असा, अजून जाळायची आलोंदिगा बाकी आहेत. सगळे जण त्या वाक्याकडे पाठ करून शहराचा फोटो काढत असतात. थिएटरच्या मागून वर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने उतारावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, जाताना त्याने जा आणि उतरताना गल्ल्यांमधून पायी या, उलटं करू नका.

चुंबनाची गल्ली बघितलीस का? रोमँटिक आहे?

बघितली. दोन घरांच्या बाल्कन्या इतक्या जवळ की मधे 68 सेंटीमीटर अंतर. गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावातली शोभावी अशी आहे, श्रीमंताची मुलगी, गरीब खाणकामगार, बापाचा विरोध, मुलगा समोरच्या घरातली खोली मिळवतो, बाल्कनीतून भेटीगाठी, आणि बाप येऊन मुलीला भोसकतो. तिसऱ्या पायरीवर चुंबन घेतलं तर सात वर्षं सुखाची असं म्हणतात म्हणून जोडप्यांची लाईन लागलेली असते आणि मागचे लोक घड्याळ बघत असतात. रोमँटिक वगैरे काही नाही. सकाळी सातला गेलात तर गल्ली रिकामी असते, तेव्हा शेजारची बाई पायऱ्यांवर पाणी टाकून झाडत असते, ते बघायला मजा येते.

ममी म्युझियमला जाऊ का?

मी जा म्हणणार नाही. इथल्या कबरस्तानात कबरीच्या जागेचे पैसे भरावे लागायचे, ज्यांच्या घरच्यांनी भरले नाहीत त्यांचे मृतदेह बाहेर काढले, कोरड्या बंद कोनाड्यांमुळे त्यातले काही सडायच्या ऐवजी वाळले होते. 1865 पासून असे निघाले आणि ते बघायला लोक यायला लागले. आता शंभराच्या वर देह काचेमागे आहेत, तान्ही बाळंसुद्धा. गरिबीमुळे बाहेर काढलेली ती माणसं आहेत हे कळल्यावर मला तिथे सेल्फी काढणारे बघवेनात. शास्त्राची आवड असणाऱ्यांना इंटरेस्टिंग वाटेल, लहान मुलांना नेऊ नका. बाहेर ममीच्या आकाराची साखरेची कडक मिठाई मिळते, मुलांना तेवढी पुरे.

दिएगो रिवेराचं घर तिथे आहे ना? आणि खानखोज्यांचं काय सांगत होतीस?

हां, हे विचारलंत ते बरं झालं. दिएगो रिवेरा, मेक्सिकोचा प्रसिद्ध भित्तिचित्रकार, या शहरात 1886 मध्ये जन्मला, पोसितोस गल्लीत घर आहे, खाली त्या काळचं फर्निचर आणि वरच्या मजल्यांवर त्याची चित्रं. लहानपणीच कुटुंब मेक्सिको सिटीला गेलं, त्यामुळे त्याची प्रसिद्ध भित्तिचित्रं तिकडे आहेत.

आणि त्यातल्याच एकात आपला मराठी माणूस आहे! पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे देशात परतणं अशक्य झालेले, 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. रिवेराची आणि त्यांची ओळख होती. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने जेवणाच्या टेबलाशी बसून भाकर मोडणारा जो माणूस काढलाय तो चेहरा खानखोज्यांचा. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले, 1967 मध्ये नागपुरात वारले. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी तरी होत्या का आठवून बघा. मेक्सिको सिटीत एक दिवस हातात असेल तर ते चित्र आधी बघा आणि मग ग्वानाह्वातोची बस पकडा, रिवेराच्या घराच्या जिन्यावर चढताना वेगळंच वाटतं.

कधी जावं?

पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्यासारखाच, पण बहुतेक दुपारनंतर येतो आणि जातो. मे जरा गरम. डिसेंबर-जानेवारीत दिवसा स्वेटर नको आणि रात्री दोन हवेत, घरांना हीटर नसतो हे लक्षात ठेवा, फरशी बर्फासारखी गार पडते.

ऑक्टोबरमध्ये सेर्वांतीनो महोत्सव असतो, नाटक, संगीत, नाच, जगभरातून लोक येतात, 1972 पासून चालू आहे. त्याची सुरुवात अजून जुनी आहे, 1953 मध्ये युनिव्हर्सिटीतल्या एन्रिके रुएलास यांनी विद्यार्थ्यांना घेऊन सान रोकेच्या चौकात सेर्वांतेस या जुन्या स्पॅनिश लेखकाच्या छोट्या नाटिका उघड्यावर करायला घेतल्या, चौकाच्या भिंती हाच सेट. 2018 ला या महोत्सवात भारत पाहुणा देश होता. गंमत म्हणजे सेर्वांतेस स्वतः कधीच मेक्सिकोला आला नाही, त्याने अमेरिकेतल्या वसाहतींमधे नोकरीसाठी अर्ज केला होता तो नामंजूर झाला, आणि इथे मात्र पावलोपावली त्याच्या कादंबरीतल्या डॉन किखोते (आपण म्हणतो तो डॉन क्विझोट) आणि सांचो पांझाचे पुतळे, किखोतेवर अख्खं म्युझियम. महोत्सवात गर्दी आणि भाडी दोन्ही डोक्यावरून जातात, विकेंडला तर तरुण मंडळी रात्रभर रस्त्यावर. नाटकवेड्यांनी जावं, बाकीच्यांनी नाही.

मला विचाराल तर गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी असा मुक्काम पाडा. त्या दिवशी फुलांचा सण असतो, हार्दिन दे ला उनियोन या मधल्या बागेत पहाटेपासून फुलंच फुलं आणि घराघरात, दुकानात, खाणीतसुद्धा दुःखी मातेची, म्हणजे येशूच्या आईची, वेदी सजवतात, वेदी बघायला गेलं की आइस्क्रीम किंवा सरबत हातात देतात. आपल्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवतं अगदी, तोच सीझन, तीच आरास, कैरीच्या पन्ह्याच्या जागी दुसरं काहीतरी.

ती बाग त्रिकोणी आहे आणि तिच्या कडेने झाडं इतकी दाट छाटलेली आहेत की वर हिरवं छतच झालंय. त्यांना तिथे भारतीय लॉरेल म्हणतात. खोड बघितलं, पान उलटं करून बघितलं, तर आपलं नांदरूक!

रात्री काय करायचं?

कायेहोनेआदा. रात्री आठच्या सुमाराला सान दिएगो चर्चच्या पायऱ्यांपाशी काळा मखमली झगा घातलेली विद्यार्थ्यांची टोळी गिटार, मँडोलिन घेऊन जमते आणि गात गात गल्ल्यांमधून निघते, मागे आपण सगळे. मधे थांबून जोक मारतात, ते स्पॅनिशमध्ये असतात आणि बरेचसे सासूवर असतात एवढं कळतं. टुरिस्टी आहे का, तर आहेच. तरी जा. अरुंद गल्लीत पन्नास अनोळखी माणसं एकदम गायला लागली की भिंतींमधून आवाज जो काही येतो ना.

आम्ही शुद्ध शाकाहारी, उपाशी मरू का?

नाही मरणार पण विचारत राहावं लागेल, कारण बीन्समध्ये आणि तमालेसमध्ये (मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवतात ते) डुकराची चरबी असू शकते. "सिन मान्तेका" आणि "सिन कार्ने" हे दोन शब्द पाठ करा, चरबी नको, मांस नको. आणि चिकन म्हणजे कार्ने नाही अशी तिथे बऱ्याच जणांची समजूत आहे त्यामुळे "सिन पोयो" पण म्हणा.

इथला पदार्थ म्हणजे एन्चिलादास मिनेरास, खाणकामगारांच्या एन्चिलादा. मक्याची पोळी लाल मिरचीच्या वाटणात बुडवून तव्यावर परतायची, आत चीज-कांदा, वरून परतलेले बटाटे आणि गाजर. बरेचदा वर चिकन घालतात, ते नको सांगायचं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे आत चीज घालून दुमडलेली पोळी, मिळाली तर सोडू नका, आपण भजी करतो त्यांची. निवडुंगाची भाजी, नोपालेस, थोडी बुळबुळीत, भेंडी आवडणाऱ्यांना आवडेल. आणि प्यायला आग्वा दे हामाइका, तो गडद लाल रंग लाल अंबाडीच्या बोंडांचा, आंबटगोड, थंडगार, मी तर दिवसाला दोन-तीन ग्लास. चिंचेचंही सरबत असतं.

मेर्कादो इदाल्गो नावाचं 1910 चं लोखंडी छताचं मार्केट आहे, वर वस्तू, खाली खाणं. तिथे इरापुआतोच्या स्ट्रॉबेऱ्या आणि सेलायाची काहेता, म्हणजे बकरीचं दूध साखर घालून तासन्‌तास आटवून केलेली, घ्या. नळाचं पाणी पिऊ नका.

सेफ आहे का? एकटी मुलगी जाऊ शकते?

गोड बोलून उत्तर देणार नाही. ग्वानाह्वातो राज्य गेली काही वर्षं मेक्सिकोतल्या सगळ्यात जास्त खून होणाऱ्या राज्यांमध्ये आहे, टोळ्यांची भांडणं आहेत, आणि ती प्रामुख्याने सेलाया, इरापुआतो, सालामांका या सपाटीवरच्या इंडस्ट्रियल पट्ट्यात. राजधानीचा जुना भाग त्यामानाने शांत आहे, युनिव्हर्सिटीचं शहर असल्याने रात्री उशिरापर्यंत मुलं-मुली रस्त्यावर असतात, मी एकटी फिरलेय आणि मला भीती वाटली नाही. पण रात्रीचा रोडने प्रवास टाळा, डोंगरउतारावरच्या लांबच्या वस्त्यांमध्ये अंधार पडल्यावर उगाच फोटो काढत फिरू नका, आणि जाण्याआधी ताज्या बातम्या बघा, माझ्या लिखाणावर विसंबू नका. तिथल्या लोकांना हे सगळं सोसत रोज कामाला जावं लागतं, आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

आई-बाबांना नेता येईल?

गुडघे कसे आहेत? सगळं त्यावर आहे. युनिव्हर्सिटीच्या एका जिन्यालाच 113 पायऱ्या आहेत. गुडघे ठीक असतील तर खाली बागेजवळ हॉटेल घ्या, महाग पडेल, पडू द्या. "सुंदर व्ह्यू" असं ज्या घराच्या जाहिरातीत लिहिलंय ते घर वर आहे, तिथपर्यंत गाडी जात नाही, आणि सूटकेस तुम्हीच उचलणार आहात. बाबा एकदा बागेतल्या बाकावर बसले की त्यांना तासभर कुणाची गरज लागत नाही, बँड वाजत असतो, बूट पॉलिशवाला शेजारी पेपर देतो.

स्पॅनिश येत नाही, चालेल का?

चालेल, पण थोडी शिकून जा. इथे इंग्रजी कमी चालतं आणि तेच बरं आहे. शहरात स्पॅनिश शिकवणाऱ्या छोट्या शाळा आहेत, आठवड्याच्या हिशोबाने प्रवेश मिळतो. मराठी माणसाला उच्चार सोपे जातात, त आणि द आपल्यासारखेच, फक्त तो लांब र्रर जरा घोटावा लागतो.

सान मिगेल दे आयेंदे जास्त सुंदर आहे म्हणतात?

जास्त नीटनेटकं आहे. बसने दीड तासावर, गुलाबी चर्च आहे, अमेरिकन-कॅनेडियन रिटायर्ड लोक भरपूर राहतात, कॉफी उत्तम आणि किंमती डॉलरवाल्यांच्या. एक दिवस जाऊन या. वाटेत दोलोरेस इदाल्गो करता आलं तर करा, बंडाची घंटा जिथे वाजली ते चर्च आहे आणि समोर चौकात चित्रविचित्र चवीची आइस्क्रीम, अव्होकाडो, कोळंबी, टकिला. मी कोळंबीच्या वाटेला गेले नाही.

किती दिवस ठेवू?

पाच रात्री तरी. ज्यांना एका रात्रीत बसवायचंय त्यांनी मेक्सिको सिटीतच आणखी एक रात्र काढा.

प्रेम उतरलं का नंतर? खटकणारं काहीच नाही?

भरपूर आहे. कुत्रे गच्चीवर राहतात आणि रात्री एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराशी बोलतात. कुठल्या ना कुठल्या संताचा दिवस असतो म्हणून पहाटे पाचला फटाके. चर्चच्या घंटा एकमेकींशी वेळ जुळवत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. भाड्याने द्यायच्या खोल्या वाढत चालल्यात आणि जुन्या भागातली भाडी चढतायत, आपल्यासारखे प्रेमात पडणारे हेच त्याचं एक कारण आहे, त्यामुळे जमेल तर हॉटेलात किंवा घरमालक स्वतः राहतो अशा घरात उतरा आणि खाणं मार्केटात खा.

तिथे कायमची जाणार का असं विचारणाऱ्यांना, नाही जाणार. परत परत जाईन.

व्हिसा आणि पोचायचं कसं तेवढं सांग ना!

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर टुरिस्ट म्हणून वेगळा लागत नाही. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाची साइट बघा. युरोपातून किंवा अमेरिकेतून मेक्सिको सिटी, आणि तिथून नॉर्ते नावाच्या बस टर्मिनलवरून थेट बस, सीटा ऐसपैस. अमेरिकेत राहणाऱ्यांना सरळ बाहियो विमानतळाचं विमान मिळू शकतं, तो सिलाओजवळ आहे, शहरापासून तीसेक किलोमीटर. ग्वानाह्वातोचा बस स्टँड गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी नाहीतर "सेन्त्रो" पाटीची सिटी बस. ही सिटी बस बोगद्यातूनच जाते, त्यामुळे उतरायचं कुठे ते आधीच ड्रायव्हरला सांगून ठेवा आणि सुट्टे पेसो खिशात ठेवा.